नागपुरात चार दिवस: बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुठे राहावं आणि कसं फिरावं?

माहुलीची

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन चार दिवस नागपूरला यायचं म्हणतोय. आमच्यापैकी कुणीच आजवर वर्ध्याच्या पुढे आलेलं नाही, म्हणून विचारते.

बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. सारा जन्म शेतांच्या बांधांवर मोजणीची साखळी टाकण्यात गेला. नागपुरात त्यांना दोनच गोष्टी बघायच्या आहेत, झिरो माइलचा दगड आणि दीक्षाभूमी. आईला सेवाग्राम बघायचंय आणि झाडावरून नुकतीच उतरवलेली संत्री खायची आहेत. मार्चमध्ये बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीला अर्धा किलोमीटर आरामात चालतात, जिना मात्र फार जड जातो.

राहायला रेल्वे स्टेशनजवळ बरं का दुसरीकडे? रिक्षा मीटरने येतात का? मेट्रोचा खरंच उपयोग होतो की नुसती बघायला जायची? सेवाग्राम आणि रामटेक दोन्ही झेपेल का? दोन खोल्यांचे मिळून दिवसाला चार-साडेचार हजार खर्च करू शकतो. आणि साताऱ्याहून कोणत्या गाडीने यावं तेही सांगा.

बर्डीचा

ताई, बाकी सगळं नंतर, आधी तारीख बदला. डिसेंबरात इथे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं, तेव्हापासूनची ही गोष्ट. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पत्रकार, पोलीस आणि त्यांच्यामागे कामं घेऊन आलेली माणसं, सगळे इथेच. रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, सदर या भागांत तुमच्या बजेटमधली खोली मिळणं कठीण, मिळाली तरी भाडं चढलेलं.

त्याहून मोठी अडचण मोर्च्यांची. मोर्चे अडवतात ते मॉरिस कॉलेज टी-पॉइंट आणि झिरो माइलच्या आसपासच. म्हणजे ज्या दगडासाठी तुमचे बाबा एवढ्या लांबून येणार, तिथेच कठडे आणि पोलीस. अधू गुडघ्याच्या माणसाला त्या गर्दीतून नेऊ नका.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरा. आंबिया बहाराची संत्री तेव्हा भरात असतात, आईंचं कामही होईल. जानेवारीत आलात तर आंबिया संपत आलेला असतो आणि मृग बहार यायला फेब्रुवारी उजाडतो.

माहुलीची

अधिवेशनाचं अजिबात डोक्यात आलं नव्हतं, फार बरं झालं विचारलं. नोव्हेंबरचा शेवट चालेल आम्हाला. लग्नाचा मुहूर्त वगैरे काही आड नाही.

धंतोलीतली वहिनी

राहण्याबद्दल मी सांगते. माझ्या सासरी वर्षाला चार-पाच पाहुणे तरी उतरतात आणि घरात जागा नसली की त्यांची सोय मलाच बघावी लागते.

स्टेशनजवळ उतरू नका. पहाटेच्या गाडीसाठी एक रात्र काढायची तर ठीक, पण चार दिवस नको. सेंट्रल अव्हेन्यूवर स्वस्त लॉज खूप आहेत, रस्ता मात्र रात्रभर जागा असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेसासऱ्यांना तिकडच्या एका लॉजमध्ये उतरवलं. लिफ्ट आहे असं फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती आणि रस्त्यावरून तिथपर्यंत बावीस पायऱ्या! मामांना संधिवात. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना घरी आणलं आणि मुलांची गादी हॉलमध्ये टाकली. तेव्हापासून मी फोन केला की "लिफ्ट आहे का" असं विचारतच नाही. "रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या" असं विचारते, आणि संडास कमोडचा आहे का तेही. तुम्हीही हेच विचारा.

भाग म्हणाल तर धंतोली-काँग्रेस नगर किंवा रामदासपेठ. दोन्हीकडे दवाखाने खच्चून आहेत, त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांसाठी साधी, स्वच्छ हॉटेलं बरीच आहेत. तिथल्या लोकांना म्हाताऱ्या माणसांची सवय असते, गरम पाणी, मऊ भात मागितला तर तोंड वाकडं करत नाहीत. औषधांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. बाबांचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, तेव्हा दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेला बरा.

मेट्रोने जाणारा

वहिनींच्या म्हणण्याला माझा दुजोरा. काँग्रेस नगरला राहिलात तर मेट्रोची ऑरेंज लाइन दाराशी येते. उत्तरेकडे पुढचं स्टेशन सीताबर्डी आणि त्यापुढचं झिरो माइल. दगड स्टेशनला लागूनच आहे. दक्षिणेकडे पुढचंच स्टेशन रहाटे कॉलनी, तिथून दीक्षाभूमीला ऑटोने पाच मिनिटं. तुमच्या बाबांच्या दोन्ही जागा एकाच मार्गावर, गाडी न बदलता.

मी रोज खापरीकडून सीताबर्डीला येतो. २०१९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा लोक डबे रिकामे जातात म्हणून नावं ठेवत. डिसेंबर २०२२ मध्ये कामठी रोडचा आणि सेंट्रल अव्हेन्यूचा भाग जोडला गेला आणि चित्र बदललं. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत. सीताबर्डीला ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, तिथे बदलायची वेळ आली तर लोकांच्या लोंढ्याबरोबर जिन्याकडे जाऊ नका, शांतपणे लिफ्ट शोधा. मेट्रोचं महाकार्ड काढलंत तर भाड्यात १० टक्के सूट मिळते, पण चार दिवसांसाठी साधं तिकीटही पुरे.

महाल, इतवारीत जायचं असेल तर ॲक्वा लाइनने चितार ओळी चौकापर्यंत जाता येतं. पुढच्या गल्ल्या मात्र पायीच, आणि गर्दीच्या. बाबांना तिथे नेऊ नये असं माझं मत.

संत्रानगरी

गाडीबद्दल. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्यावरून थेट नागपूरला येते. वेळ खूप घेते, पण सामान घेऊन पुण्यात गाडी बदलायची दगदग वाचते. बाबांना खालचा बर्थ मिळेल हे बघा, ज्येष्ठांचा कोटा असतो. पुण्याहून अजनीपर्यंत वंदे भारतही सुरू झाली आहे, पण तिच्यात बारा तास बसून यायचं. नव्या गुडघ्याला मी तो त्रास देणार नाही.

नागपूर स्टेशनवर उतरलात की एक ध्यानात ठेवा. मोठी जुनी इमारत पश्चिमेला आहे, सगळे त्या बाजूला जातात. मेट्रोचं स्टेशन पूर्वेला, संत्रा मार्केटच्या अंगाला आहे. आणि कधी अजनीला उतरायची वेळ आलीच, तर "अजनी चौक" नावाच्या मेट्रो स्टेशनच्या नावावर जाऊ नका, अजनी रेल्वे स्टेशनला काँग्रेस नगरचं स्टेशन जवळ पडतं.

बर्डीचा

रिक्षाचं राहिलंच. इथे "रिक्षा" म्हटलं की जुन्या माणसांना सायकलरिक्षा आठवते. "ऑटो" म्हणा. मीटरने क्वचितच येतात, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या, नाहीतर मोबाइलवरून बोलवा. आणि पत्ता सांगताना चौक सांगायचा. आमचं सगळं गाव चौकांवर चालतं. व्हरायटी चौक, पंचशील चौक, शंकर नगर चौक. घर नंबर सांगितला तर कुणाला काही कळत नाही, "लोकमत चौकाच्या अलीकडे" म्हटलं की थेट नेतात. बर्डी म्हणजे सीताबर्डी, मेडिकल म्हणजे सरकारी दवाखाना, हे दोन शब्द कानावर पडतील.

जुना सर्व्हेयर

भूमी अभिलेखवाल्या माणसाला झिरो माइल बघायचाय हे वाचून मला राहवलं नाही. मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होतो, आता निवृत्त.

ताई, तिथे गेल्यावर पुष्कळ लोक सांगतील की हा भारताचा मध्यबिंदू. बाबांना त्यापेक्षा खोल गोष्ट माहीत असणार, तरी लिहितो. १८०२ मध्ये मद्रासकडे विल्यम लॅम्बटनने जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिच्याशी या दगडाचं नातं आहे. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, हे सगळे फोटोत घेतात. खरी मजा खाली आहे. षटकोनी दगडावर गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत, हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३, चांदा १२५. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत दिली आहे, १०२०.१७१ फूट. हाताने साखळी ओढलेल्या माणसाला त्या तिसऱ्या दशांशाची किंमत कळते. सकाळी लवकर जा. अक्षरं झिजली आहेत, उन्हं तिरपी असताना ती उठून दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात काहीच वाचता येत नाही.

आता खरी सांगायची गोष्ट. हा लॅम्बटन वीस वर्षं दक्षिणेतून मोजत मोजत वर आला आणि नागपूरला पोहोचायच्या आधीच, २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे ज्याचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला मिळालं, त्या एव्हरेस्टने त्याच्यानंतर हे काम हाती घेतलं. लॅम्बटनचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? तुम्ही सेवाग्रामला जाणारच आहात, तर हिंगणघाट तिथून फार लांब नाही. दिवसभरासाठी गाडी ठरवा, सकाळी सेवाग्राम, दुपारी हिंगणघाट, आणि जाम-बुटीबोरीवरून हैदराबाद रोडने परत. कबर मुख्य रस्त्यावर नाही, गावात विचारत जावं लागतं. तीन वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा तासभर शोधली. तिथे उभा राहिलो तेव्हा आमच्या खात्यातले, तापात, पावसात तंबू टाकून राहिलेले सगळे जुने लोक आठवले.

धंतोलीतली वहिनी

काकांनी सांगितलेला दिवस आखलात तर रामटेक सोडून द्या. गडावर गाडी बरीच वर जाते, तरी शेवटी पायऱ्या आहेतच. सेवाग्रामला सगळं जमिनीच्या पातळीवर, बापूंची कुटी, आवार, झाडं. बाबा हळूहळू सगळं बघतील.

सकाळचे पोहे खाताना मात्र सांभाळा. तर्री वेगळ्या वाटीत मागा. चण्याचा तो रस्सा दिसतो तेवढा साधा नसतो. सावजीचं जेवण तुम्हा साताऱ्याकडच्या तिखट खाणाऱ्यांनाही पहिल्या घासाला जड जाईल, तिखटापेक्षा मसाल्याची ऊब पोटात राहते. आईंना सांबारवडी द्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, दाक्षिणात्य सांबार नव्हे. गोळाभात कुठे मिळाला तर सोडू नका, वरून फोडणीचं तेल घालून.

स्वेटर आणा. सकाळी थंडी असते.

माहुलीची

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने सर्व्हेयर काका, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठून कपाटातून जुनी वही घेऊन आले. त्यात लॅम्बटनचं नाव त्यांनी ट्रेनिंगच्या वेळी लिहून ठेवलेलं होतं, कबर हिंगणघाटला आहे हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. आता ते म्हणतात, दीक्षाभूमी, झिरो माइल आणि हिंगणघाट, बाकी काही राहिलं तरी चालेल.

काँग्रेस नगरला एका हॉटेलात फोन केला, वहिनींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. रस्त्यावरून खोलीपर्यंत तीन पायऱ्या, लिफ्ट तळमजल्यापासून. दोन खोल्या ठरवल्या, २४ नोव्हेंबरपासून चार रात्री. सेवाग्राम-हिंगणघाटसाठी ड्रायव्हरसकट गाडी कशी ठरवावी, हॉटेलवाल्याकडून की बाहेरून?

मेट्रोने जाणारा

हॉटेलवाल्याकडून दर विचारून घ्या आणि बर्डीवरच्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडूनही विचारा, मग ठरवा. किलोमीटरवर ठरवताना किमान किती किलोमीटर धरतात ते आधी विचारा. तुमची फेरी दोनशेच्या आत बसेल. टोल आणि ड्रायव्हरचं जेवण वेगळं का त्यातच, तेही बोलून घ्या.

जुना सर्व्हेयर

२५ किंवा २६ ला हिंगणघाटला जाणार असाल तर मला इथेच निरोप टाका. मी येतो तुमच्याबरोबर, वाट माझ्या लक्षात आहे. बाबांना सांगा, वही घेऊन या.