मदत हवी आहे: कामात मन लागतं, रविवारी नाही

नमस्कार मंडळी, मी भोसरीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. जीएसटीचं 3बी रिटर्न दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचं असतं, त्याआधी बिलं जुळवताना इतकी गुंग होते की चहा तसाच थंड होतो, आणि खरं सांगते, तेव्हा मला मस्त वाटतं! पण रविवार आला की मोबाईल हातात, रील्स, दुपारी झोप, संध्याकाळी नुसती चिडचिड. आई म्हणते अगं आराम कर, पण आरामानेच जास्त थकायला होतं.

मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं, त्यांनी लोकांना पेजर देऊन दिवसभरात कधीही बीप करून विचारलं होतं आत्ता काय करताय, कसं वाटतंय. 1989 च्या अभ्यासात दिसलं की लोक पूर्ण रमलेले असतात ते मोकळ्या वेळेपेक्षा कामावरच जास्त, आणि तरी त्याच लोकांना कामावर असताना दुसरंच काहीतरी करावंसं वाटत होतं. कामात रमायला होतं कारण तिथे ध्येय असतं, जमलं की नाही लगेच कळतं, आणि कौशल्याला पुरेल इतपत अवघड असतं.

म्हणून असंच काहीतरी सुट्टीसाठी हवंय. वेताळ टेकडीवर पक्षी ओळखायला शिकू का तबला? पस्तिशीत तबला सुरू केलेलं कोणी आहे का इथे? कोथरूडजवळ मोठ्यांना अगदी पहिल्यापासून शिकवणारे, रात्री आठनंतरचे क्लास माहीत असतील तर प्लीज सांगा, आणि कंटाळा न येता किती महिने टिकलात तेही.