कुत्र्याला जास्त प्रोटीनचं सुकं खाद्य: गरज की नुसता खर्च?

कारवानवाला, चिकोडी
आपल्या सीमाभागात कुत्र्याला अजून ज्वारीची भाकरी, दूध आणि वर मूठभर सुकं खाद्य. भाकरीत प्रोटीन जेमतेम दहा टक्के. मुधोळसारख्या पळणाऱ्या कुत्र्याच्या मांड्या त्यावर भरत नाहीत. २०-२२ टक्क्यांचं पोतं सोडून २८-३० वर यावं, असं माझं ठाम मत. फक्त एकदम बदलू नका. तीन दिवस पाव भाग नवं, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाऊण, मग पूर्ण. शी पातळ झाली तर मागच्या मापावर दोन दिवस थांबा.

शेतघर, खानापूर
पळणाऱ्याला द्या की. दिवसभर साखळीला असलेल्या राखणीच्या कुत्र्याला ३० टक्के कशाला? मोठ्या कुत्र्याची किमान गरज १८ टक्के, तीही पाणी वगळून. पाकिटावर २२ आणि ओलावा १० असेल तर २२ भागिले ०.९, म्हणजे २४ च्या वर. भरपूर झालं. हवं तर उकडलेलं अंडं द्या, सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं. वर किडनीचा धोका आहेच.

कारवानवाला, चिकोडी
दादा, मोठ्याचं बरोबर, पण पिल्लाचं काय? त्याला किमान २२.५ लागतं. २० चं पाकीट पाणी वगळून २२.२ भरतं, म्हणजे कमीच. आणि अंड्याला मर्यादा आहे. वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांवर गेलं की कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडतं. २५ किलोच्या कुत्र्याला रोज साधारण १२५० कॅलरी लागतात. एक अंडं सत्तरचं, म्हणजे दुसऱ्यालाच मर्यादा ओलांडली.

दवाखाना रोड, बेळगाव
किडनीबद्दल: निरोगी किडनी प्रोटीननं खराब होत नाही. आधीच बिघडलेली असेल तर मात्र प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही आवरावे लागतात. म्हातारं कुत्रं असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासा, मगच पाकीट बदला.

पण तुम्ही दोघं टक्क्यांत अडकलात आणि खरी चूक वाटीत होते. जास्त प्रोटीनच्या खाद्यात बहुतेक वेळा चरबीही जास्त असते. जुनं किलोला ३४०० कॅलरीचं असेल तर १२५० साठी ३७० ग्रॅम लागायचं; नवं ४००० चं असेल तर ३१५ पुरे. तीच वाटी तशीच भरली की रोज दोनशेवर कॅलरी जादा. मग शी सैल होते, वजन वाढतं आणि लोक म्हणतात, प्रोटीन पचत नाही. किराणा दुकानातला काटा घ्या आणि ग्रॅममध्ये मोजा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत. मुधोळचं तेवढं वेगळं, त्याच्या शेवटच्या दोन-तीन दिसणारच. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला चरबीचं खाद्य मुळीच नको.

शेतघर, खानापूर
वजनाचं पटलं. पण ३१५ ग्रॅमनं १५ किलोचं पोतं ४७ दिवस चालतं. आमच्याकडं पावसात उघडं पोतं तेवढं टिकतच नाही.

दवाखाना रोड, बेळगाव
तर मग जून ते सप्टेंबर तीन-तीन किलोची पाकिटं घ्या. मूळ पिशवीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवा. नुसतं डब्यात ओतलं की तळाशी जुनी चरबी राहते आणि नव्या खाद्यालाही खवट वास लागतो. बुरशी दिसली तर उन्हात वाळवून घालू नका, तिचं विष उन्हानं जात नाही. पाकीट फेकून द्या, कोंबड्यांनाही टाकू नका.

कारवानवाला, चिकोडी
हे पोत्यातल्या मक्यालाही लागू. बुरशीचा मका भाकरीत दळून कुत्र्याला घालतात, तो आधी बंद करा.