मे महिन्यात कॅराव्हॅनचा मुक्काम: तोरणमाळ की तिथल?

तापीकाठचा (जळगाव)
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांसाठी कॅराव्हॅन (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने ठरवलीय. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. बायकोला समुद्र हवा, म्हणजे वलसाडजवळचं तिथल; मला डोंगर, म्हणजे सातपुड्यातलं तोरणमाळ. आईला विचारलं तर म्हणे, "समुद्र काय पयी जास का?" (पळून जातो का?) म्हणजे एक मत माझ्याकडे, असं मी धरतो.

माझं म्हणणं असं. आपल्याकडे त्या दिवसांत पारा 44-45 ला टेकतो. तोरणमाळ साधारण 1150 मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंश कमी होतात. समुद्रावर पारा 34 दाखवत असला तरी अंगाला बनियन चिकटून बसतं, रात्री झोप नाही. आपण कोरड्या उन्हाची माणसं. जागा ठरवताना मी तीनच गोष्टी बघणार: सावली, 15 अँपियरचा सॉकेट आणि आतपर्यंत गाडी जाईल असा रस्ता. चुकत असेन तर सांगा, पण कारण देऊन.

नवापूरवाली
कारण देते. मे महिन्यात सातपुड्यात सावली कुठली हो? साग फेब्रुवारी-मार्चमध्येच नागडा होतो. तुम्ही बघितलेले हिरवेगार फोटो श्रावणातले. उन्हाळ्यात सीताखाईचा धबधबा म्हणजे नुसता काळा कडा. गाडी उभी करणार उघड्यावर, आणि वर पत्रा.

त्यापेक्षा साक्रीवरून कोंडाईबारी उतरा, नवापूर, सोनगड, व्यारा करत सुरतेकडे निघा. सगळा हमरस्ता. पुढे नवसारी-वलसाड करून तिथल. संध्याकाळी वारा सुटतो, पोरं पाण्यात, आजी खुर्चीवर. तोरणमाळला सातपायरी घाटात लांब गाडी वळवताना तुमचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.

तापीकाठचा
सागाचं मान्य. आंब्याखाली किंवा वडाखाली लावीन. पण कूलरचं काय? कोरड्या हवेत आपला छोटा कूलर खिडकीला लावला की गाडी गार. तोच कूलर समुद्रावर लावला तर दमट हवेत आणखी पाणी, माणूस वाफेवरच्या ढोकळ्यासारखा फुगतो. तिथं एसीच लागणार, आणि एसीसाठी रात्रभर लाईट.

अडकलेला_धुळेकर
नवापूरवाली ताई, वारा वगैरे ठीक, पण समुद्राजवळचा कॅम्प कसा निवडायचा ते आमच्याकडून ऐका. आम्ही पैसे भरून शिकलोय.

मागच्या वर्षी मित्राची ट्रॅव्हलर घेऊन गेलो होतो, आतून बेड बसवलेली. जागेचं नाव घेत नाही. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, अगदी पुढे लावा, सकाळी उठल्यावर दारात समुद्र." लावली. त्या दिवशी अमावास्या आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नाही. उधाणाचं पाणी नेहमीच्या रेषेच्या वर आलं, वाळू भुसभुशीत झाली आणि मागचं चाक अर्धं आत. जितकं रेस करतोय तितकं खाली. वहिनी पावलं ओली करत पोरांना उचलून रस्त्यावर गेल्या. पहाटे ट्रॅक्टर आला. त्याने आधी टायरमधली हवा कमी करायला लावली, चाकापुढे फळ्या घातल्या, मग ओढली. पैसे त्याने मागितले तेवढे दिले. त्या परिस्थितीत कोण घासाघीस करतो?

कोकण-मुंबईकडचे लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. हा हिशेब सुरतेकडे लागत नाही. शिवाय खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठी. ओहोटीला पाणी लांब जातं, खाली चिखल, माणसाला वाटतं मैदानच आहे. तेव्हा भरतीची वेळ स्थानिक कोळ्याला विचारा आणि गाडी पक्क्या रस्त्यावर. नारळाखालीही नको, झावळी टपावर पडली की सोलर पॅनेल गेलं. आणि घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारट हवा चेसी खाते.

एवढं होऊनही मी पुढच्या वेळी समुद्रावरच जाणार. पण मे महिन्यात नाही.

मळ्यातला (रावेर)
डोंगर नको, समुद्र नको. कुणाच्या तरी मळ्यात गाडी लावा. विहीर, बांधावर आंबा, सपाट खळं, शेजारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. फुकट.

तापीकाठचा
भो, शेतीची लाईट आठ तास, तीही कधी रात्री तर कधी दिवसा. आणि रावेरला जायला मी भाड्याची गाडी घेऊ?

धडगावकडचा_मास्तर
मी तोरणमाळच्याच अक्राणी तालुक्यात नोकरी केलीय, म्हणून दोन्ही बाजूंना नाराज करतो. तुमच्या तीन गोष्टींत पाणी नाही आणि संडास नाही.

कूलर उन्हात दिवसाला 40-50 लिटर पाणी सहज पितो. पाच माणसांचं धरा. गाडीच्या टाकीत किती मावतं ते बघा आणि दिवस मोजा. संपलं की हातपंपावरून भरणार? मे महिन्यात वरच्या पाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापर्यंत जातात. त्यांच्या रांगेत तुमची निळी नळी लावून उभं राहायला लाज वाटली पाहिजे. तोरणमाळचा यशवंत तलाव भरलेला दिसतो म्हणून गाडीतली घाण तिकडे सोडणारेही मी पाहिलेत. त्यांना काय बोललो ते इथे लिहिता येत नाही.

जंगलात कुठेही थांबू हेही डोक्यातून काढा. यावल अभयारण्य, पाटणादेवीकडचं गौताळा, तिथे रात्री गाडी लावायची तर वनखात्याची परवानगी लागते. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेत तोरणमाळला लोक कुठेही मुक्काम करतात, पण यात्रेचं वेगळं.

सरळमार्गी
2021 साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. खान्देशच्या आपल्या तीन जिल्ह्यांत पाणी, सॉकेट, मैला उपसायची सोय असलेला एक तरी पार्क कुणी पाहिलाय का? मी नाही. मग पाच जणांनी लॉजच्या दोन खोल्या का घेऊ नयेत? भाडं कमी, झोप जास्त.

नवापूरवाली
कारण लॉजमध्ये शेवभाजी करता येत नाही.

मास्तर, पाण्याचं पटलं. पण हाच मुद्दा माझ्या बाजूचा झाला की. किनाऱ्याकडच्या गावांत हॉटेलं आहेत, त्यांच्या सेप्टिक टाकीचा चेंबर असतो, पैसे देऊन सोय होते. आणखी एक, भाड्याची गाडी गुजरातेत न्यायची तर परमिट आणि टॅक्स गाडीमालकाला आधीच विचारा. बाटलीचं तर विचारूच नका.

तापीकाठचा
दोन दिवस फोनवर बसलो. विचारायचे प्रश्न चार: भरायला पाणी, मैल्याचा चेंबर, सॉकेट, जमीन सपाट आहे का.

किनाऱ्यावरच्या एकाने सांगितलं, "संडासाचं पाणी ना? मागे खाडी आहे." फोन ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "सपाट म्हणजे कसं?" मी म्हटलं, ओट्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं तर सांडायला नको, नाहीतर आई रात्रभर डोकं खाली करून झोपेल. तो हसला आणि म्हणाला, "मग खोली घ्या."

तोरणमाळच्या वाटेवरचे एक गृहस्थ मात्र नीट बोलले. चेंबरचं झाकण उघडून देतो म्हणाले, अंगणात चिंच आहे, एक सॉकेट आहे. पाणी मात्र अजिबात देणार नाही. चार रात्रींऐवजी दोन रात्री तिथे, बाकी दोन घरी. बायकोने दिवाळीनंतर समुद्र लिहून घेतलाय, तारखेसकट.

शहाद्यात टाकी भरायची आहे. विकतचं पाणी कुठे मिळेल?

शहादेकर_ताई
आमच्या घरासमोर थांबा, बोअर आहे. गाडी मोठी असेल तर सकाळी सातच्या आत या, नंतर भाजीवाल्यांच्या गाड्या लागतात. कूलर घरीच ठेवा.