मदत हवी आहे: भरतीची तयारी करणारा १७ वर्षांचा भाचा इंजेक्शन घेतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून लिहितोय. पेठ सांगत नाही. इथं या गल्लीतली गोष्ट त्या गल्लीत जायला वेळ लागत नाही आणि पोराचं नाव खराब व्हायला नको.

भाचा बारावीत आहे, अग्निवीर भरतीच्या मागं लागलाय. पहाटे रंकाळ्यावर पळतो, संध्याकाळी जिम. हल्ली रात्र रात्र जागा असतो, तांबड्या रश्श्याला हात लावत नाही, बहिणीनं नुसती हाक मारली तरी अंगावर जातो. परवा त्याच्या बुटाच्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेली छोटी काचेची बाटली मिळाली. रबरी बूच सुयांनी टोचून टोचून चाळणी झालेलं, सोबत इन्शुलिनची सिरिंज. लेबलवर मेफेंटरमाइन.

एकट्याला गाठून शांतपणे विचारलं. म्हणाला, "मामा, हे घेतलं की १६०० मीटरला दम लागत नाही. बरीच पोरं घेतात. पप्पांना सांगू नकोस, पाया पडतो."

ओळखीच्या भूलतज्ज्ञांशी बोललो. ऑपरेशनवेळी पाठीत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला हे औषध वापरतात. धडधाकट पोरानं घेतलं की रक्तदाब आणि ठोके नको तितके वाढतात, त्यावर जोरात पळायचं म्हणजे हृदयावर बेतू शकतं. झोप-भूक जाते, सवयही लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नव्हे हे, तरी जिममधला एकजण पोरांना आणून देतो. ज्या गावानं तालमीत दूध-बदाम आणि जोर-बैठकांवर पैलवान घडवले, तिथं हे चाललंय, याचा फार त्रास होतो.

खरी धास्ती पुढंच आहे. मित्राबरोबर एकच सुई वापरल्याचं त्यानं कबूल केलं. म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, तिन्ही तपासण्या आल्या. लागण ताजी असली तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, पुन्हा करावी लागते. आणि १८ च्या आतल्या मुलाच्या एचआयव्ही तपासणीला पालकांची संमती लागते. मी मामा असलो तरी गुपचूप नेऊन भागणार नाही.

दाजी मनानं वाईट नाहीत, पण हात आधी उचलतात. मार बसला तर पोरगं माझ्याशीही बोलायचं बंद होईल. म्हणून आधी फक्त ताईला सांगावं असं वाटतंय. घरात असं कुणी हाताळलंय का? वडिलांना कधी आणि कुणाच्या तोंडून कळलेलं बरं? डॉक्टरांनी सांगितलं तर फरक पडतो का?

१४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसची हेल्पलाइन माहीत आहे. तिथं घरच्या माणसानं फोन केला तर चालतो का, की मुलालाच बोलायला लावतात? सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात नेलं तर आधी मानसोपचार विभागात जायचं की हृदयाची तपासणी करून घ्यायची? तूर्त पळणं आणि जिम बंद ठेव म्हणून सांगितलंय, कसंबसं ऐकतोय.

आणखी एक. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करायची आहे, कारण बाकीची पोरंही कुणाची तरी लेकरंच आहेत. पण भाच्याचं नाव कागदावर न येता ती करता येते का? आधी कुणी केली असेल तर कृपया सविस्तर लिहा. इथं लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. रविवारी ताईला भेटणार आहे, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.