सुनील जोशी 'बिचारा' कधीपासून झाला वो?

मजगावचा फिरकी: काल एकानं सुनील जोशीवर, म्हणजे कर्नाटकातल्या गदगच्या डावखुऱ्या टेस्ट स्पिनरवर, टाकलेलं वाचलासा की न्हाई? "सुनील जोशी गदगचा म्हणून मागं राहिला बिचारा, मुंबईचा असता तर पन्नास टेस्ट सहज खेळला असता." खाली नुसते बदाम. सकाळपासून दुकानात बसून तेच डोक्यात घोळालंय, म्हणून लिहालोय, लांबलं तर सोसा. अरे, डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर मुंबईचेच न्हवं? फर्स्ट क्लासला ५८९ विकेट, १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर तमिळनाडूला एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. आणि टेस्ट किती? शून्य, कारण पुढं बिशनसिंग बेदी, तोही डावखुरा स्पिनर. नीलेश कुलकर्णी मुंबईचा, १९९७ ला कोलंबोत पहिल्याच बॉलवर विकेट, त्याच डावात लंकेनं ९५२ ठोकल्या, करिअरच्या टेस्ट ३. मुंबईचाच स्पिनर साईराज बहुतुले, टेस्ट २. तिघांची बेरीज ५ होते आणि आमचा गदगचा गडी १५ खेळला. फिरकीवाल्याचं नशीब गावावर नसतंय, रांगेत पुढं कोण उभा आहे त्यावर असतंय. जोशीच्या पुढं त्याच्याच स्टेटचा ६१९ विकेटवाला कुंबळे. आणि १९९९ ला नैरोबीत साउथ आफ्रिकेला १० ओव्हर, ६ मेडन, ६ रन, ५ विकेट टाकणारा माणूस बिचारा असतोय काय?

आकडेबाज: रवी शास्त्रीला सोयीस्कर विसरलात. मुंबई, डावखुरा स्पिनर, ८० टेस्ट.

मजगावचा फिरकी: शास्त्री बॅटिंगला येऊन ११ सेंच्युऱ्या मारून गेला, बॉलिंग बोनस होती.

आकडेबाज: मग बॅटिंगचंच बघू. नोव्हेंबर २०००, ढाका, बांगलादेशची पहिलीवहिली टेस्ट. जोशीच्या ९२ धावा, मॅचमध्ये ८ विकेट, मॅन ऑफ द मॅच. आणि त्याची शेवटची टेस्ट? त्याच नोव्हेंबरमध्ये, झिम्बाब्वेविरुद्ध. पुढं २००१ ला ऑस्ट्रेलिया आली तेव्हा कुंबळे खांद्यामुळे बाहेर, म्हणजे तुमची रांग रिकामी. हरभजननं ३२ विकेट काढल्या ते सोडा, दुसऱ्या टोकाला कोण कोण आलं बघा. मुंबईत राहुल सांघवी, कोलकात्यात वेंकटपती राजू, चेन्नईत कुलकर्णी आणि बहुतुले दोघं एकदम. तीन टेस्ट, चार माणसं, जोशी एकदाही नाही. हे गावामुळे नाही तर कशामुळे?

मजगावचा फिरकी: राजू हैदराबादचा, सांघवी दिल्लीकडनं खेळायचा, ते काय मुंबईकर? पण बरं, चेन्नईचं मान्य. फ्रेम करून भिंतीला लावा तेवढी एक मॅच.

सीमावासी_१९५६: मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. १९५६ ला आम्हा बेळगावकरांना म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, ढकललं नसतं तर बेळगावची पोरं महाराष्ट्राकडनं रणजी खेळली असती. सगळं बेंगळूर ठरवतंय, ५०० किलोमीटरवरनं.

खानापूरकरीण: आलं! चहा सांडला तरी ह्यांचा सीमाप्रश्न. जोशी गदगचे, कन्नड माणूस, त्यांच्या करिअरचा ह्याच्याशी काय संबंध? आणि तुम्हाला एवढीच हौस असेल तर ऐका, कुंबळेच्या आडनावातलं गाव कासरगोडात आहे, केरळात. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं बेळगाव म्हैसूरकडं ठेवा म्हणून लिहिलं तसं कासरगोडही म्हैसूरला द्या म्हणून लिहिलं होतं, ते काही आलं नाही. कुंबळे त्यावर रुसून बसला काय? रोनित मोरे आपल्या बेळगावचाच की, आडनाव मोरे, खेळला कर्नाटकाकडनंच.

सीमावासी_१९५६: मोरे फास्ट बोलर आहे, विषय स्पिनचा आहे ताई.

खानापूरकरीण: विषय स्पिनचा आहे हे तुम्हाला आत्ता आठवलं, दादा.

वडगावचे मामा: भांडा, पण खरं कारण चटई. आमच्या वेळी बेळगावात लेले ग्राउंड म्हणा, व्हॅक्सिन डेपो म्हणा, मॅट टाकूनच खेळायचं. काथ्याची मॅट, चारी बाजूनी खिळे ठोकायचे, एक खिळा सैल राहिला की तिथं बॉल पडून सापासारखा उठायचा. मीसुद्धा डावखुरा. मॅटवर नुसतं बोट फिरवलं तरी बॉल कानाशी. मग एका निवड चाचणीला टर्फ, म्हणजे गवत-मातीची पिच, मिळालं. पहिला बॉल टाकला, पडला आणि थांबला. बॅट्समननं उचलून झाडीत मारला. सहा ओव्हरीत एक बॉल वळला नाही, बोटाची चीर तेवढी उघडली. घरी आलो, आईनं विचारलं काय झालं, म्हटलं पाऊस आला.

टेनिसबॉल_किंग: मामा, चटईला कशाला बोल लावालासा? उसळी चटईवर, वळण चटईवर, मग बोलरनं हवेत काय केलं? टर्फवर हवेतच फसवावं लागतंय. चटईनं आळशी केलं तुमास्नी, निवडणाऱ्यांनी न्हाई.

वडगावचे मामा: तू सरदार्स ग्राउंडवर आठ ओव्हरीच्या टूर्नामेंटात सिक्सला बक्षीस घेणारा, तू मला हवा शिकवणार? शिवणीवर बोट कुठं असतंय ते तरी म्हायती हाय काय? टेनिस बॉलला शिवण नसतीया, बाळा.

टेनिसबॉल_किंग: बाळा म्हणू नका. आणि जोशी काय संगमरवरावर शिकले? गदगहून पहाटे हुबळीला प्रॅक्टिसला, ६० किलोमीटर, परत शाळेला. ते पोचले. तुम्ही पाऊस आला म्हणून सांगून घरात बसला.

आकडेबाज: हे जरा जास्त झालं.

मजगावचा फिरकी: मामांचं दुखणं वेगळं आहे रे, जपून. पण मुद्द्यात दम आहे. चटईवरचा टप्पा टर्फवर चालत नाही, दीड-दोन हात पुढं टाकावा लागतो, आणि ते सांगायला कुणीतरी लागतंय. आम्हाला सांगणारा एकच, ग्राउंडवरचा माळी. तो म्हणायचा, "बॉल टाकू नको, सोड." तेव्हा हसलो. तिशी उलटल्यावर कळलं, तोवर खांदा गेलेला.

सीमावासी_१९५६: आणि आता ऑटोनगरला स्टेडियम झालंय, तिथं तरी—

खानापूरकरीण: दादा, नको.

वडगावचे मामा: त्या टेनिसवाल्याला सांगा, रविवारी सकाळी सातला व्हॅक्सिन डेपो. मॅट मी आणतो. खरा लाल बॉल. सहा बॉल खेळून दाखव.

टेनिसबॉल_किंग: येतो की. पण खिळे मी ठोकणार, तुमचा भरवसा न्हाई.