नाशिकला चेलोवादकांचा दोन दिवसांचा मेळावा: रचना, हॉल, मास्टरक्लास यांबद्दल सल्ला हवा

गोदाकाठ: जानेवारीत एका शनिवार-रविवारी चेलोवादकांना नाशिकला बोलवायचं घाटतंय. मुंबई, पुणे, गोवा आणि इथले मिळून चौदा जण. तिघे मुरलेले, सहा जण चौथ्या पोझिशनपर्यंत (डाव्या हाताची तारेवरची जागा; क्रमांक वाढेल तसा हात वरच्या सुरांकडे सरकतो) सहज जाणारे, पाच जण पहिल्याच पोझिशनमधले. सगळ्यांनी मिळून वाजवायचं, शिवाय मास्टरक्लास (गुरू सगळ्यांसमोर एकेकाला शिकवतात तो वर्ग). हॉल गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला बघतोय. रचना कोणत्या घ्याव्यात आणि बसवावं कसं?

मंद्र: संगीतकार विला-लोबोसचं चेलोंच्या समूहासाठीचं 'बाखियानास ब्राझिलेइरास क्र. 1' सगळ्यांनाच खुणावतं, पण या गटाला ते दोन दिवसांत झेपणार नाही. क्लेंगेलचं 'हिम्नुस' (1920) संथ आहे, मात्र पार्ट (वेगवेगळ्या वादकांनी वाजवायच्या ओळी) बारा आणि वरचे पार्ट अंगठ्याच्या पोझिशनमध्ये, म्हणजे अंगठाही तारेवर ठेवून वाजवायच्या जागी, फार उंच जातात. तुम्हाला चार पार्टमध्ये लावलेली बाखची कोराल (चर्चमधली संथ स्तोत्रगीतं) सगळ्यात योग्य.

खालचा पार्ट सोपा म्हणून सगळे नवशिके तिथे बसवतात आणि घोटाळा तिथेच होतो. सुटी सी तार साधारण 65 हर्ट्झची. तिच्यावर पाच चेलो लागले की आवाज गढूळ होतो, बेसूर कुठून येतोय तेही कळत नाही आणि वरच्यांना आधाराचा सूर मिळत नाही. म्हणून बासवर, म्हणजे या खालच्या पार्टवर, दोघंच: एक मुरलेला, त्याच्याशेजारी एक नवा. उरलेले चार नवे तिसऱ्या पार्टवर. तो पार्ट ए तारेवरच्या चौथ्या बोटाच्या डीपलीकडे जाता कामा नये, गेला तर स्वरपट्टी खाली घ्या. दुसऱ्यावर मधल्या फळीतले चार, पहिल्यावर दोन मुरलेले आणि उरलेले दोघे. तालमीत आधी फक्त बास आणि पहिला पार्ट वाजवा, तो जुळल्यावरच मधले मिसळा. गजाच्या खुणा (गज कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा) पार्ट पाठवण्याआधीच घाला, नाहीतर पहिली सकाळ त्यातच जाते.

खुंटी: मुंबई-गोव्याच्या दमट हवेतून नाशिकच्या कोरड्या थंडीत आलं की लाकूड आकसतं. खुंट्या सुटतात, कडेचे सांधे उघडतात. हॉलमध्ये आर्द्रतामापक ठेवा, 40 ते 60 टक्के हवी. चेलोची केस (पेटी) आणल्यावर अर्धा तास बंदच असू द्या. खुंटी सुटली तर ती आत दाबत फिरवायची. तारा बदलताना एकेकच, सगळ्या एकदम सैल केल्या तर आतला साउंडपोस्ट (वरच्या-खालच्या फळ्यांमध्ये नुसता दाबाने उभा असलेला लाकडी दांडा) पडू शकतो. पडलाच तर लगेच सगळ्या तारा उतरवा आणि तो चेलो बाजूला ठेवा. दोन-तीन जादा ए तारा हव्यातच.

गज_सरळ: मंडपवाल्याच्या हातांच्या प्लास्टिक खुर्च्या नकोत, कोपर अडतो. बिनहाताच्या, सपाट बैठकीच्या, साधारण 45 सेंमी उंचीच्या घ्या. फरशीवर एंडपिन (चेलो जमिनीवर टेकवायची खालची टोकदार सळई) घसरते. नायलॉनचा पट्टा खुर्चीच्या पुढच्या पायाला बांधून त्याच्या फासात टोक अडकवलं की प्रश्न मिटतो. नुसता गालिच्याचा तुकडा टाकला तर तो चेलोसकट पुढे सरकतो. खुर्चीचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत. प्रत्येकाला दीड मीटर बाय दीड मीटर जागा धरा. हॉल रिकामा असताना टाळी वाजवून पाहा. आवाज बराच वेळ घुमत राहिला तर दुसरा हॉल शोधा, चौदा चेलोंना घुमणारी जागा मारक.

गोदाकाठ: मनापासून आभार. मास्टरक्लासला किती जण घ्यावेत? आणि पियानोचं काय?

मंद्र: दिवसाला चार जण, प्रत्येकी 40 मिनिटं. त्याहून जास्त घेतले तर गुरूंचं बोलणं उरकल्यासारखं होतं. एकेका विद्यार्थ्याने एकच मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) आणावी, चार-पाच मिनिटांची, आणि ती आधी न अडवता पूर्ण ऐकावी. शक्यतो वेगवेगळ्या अडचणी असलेले चौघे निवडा: एकाचा गज, एकाची पोझिशन बदलताना होणारी ओढाताण. ऐकणाऱ्यांच्या हातात नोटेशनच्या प्रती हव्यात, बार क्रमांकांसकट. सगळ्यांनी बाखच्या सोलो सुईट (एकट्या चेलोसाठीच्या रचना) आणल्या तर पियानो लागत नाही. पॉपरचं तीन चेलो आणि पियानोसाठीचं 'रेक्विएम' घ्यायचं असेल तर मात्र लागेल. मग त्याचं ट्यूनिंग, ए सूर 440 हर्ट्झला धरून, आदल्या संध्याकाळी, पियानो हॉलमध्ये हलवून झाल्यावरच करून घ्या.

खुंटी: येणाऱ्यांना आजच कळवा: गाडीतून आणताना चेलो एका बाजूवर आडवा ठेवावा, त्यावर दुसरी केस रचू नये. कसाऱ्याच्या घाटात वळणांवर केस सरकते, पट्ट्याने बांधाच.