सीनियरच्या पीआरमध्ये नेमकं बघायचं काय?

नवा_गडी:
मंडळी, जॉबला लागून वर्ष होत आलं, जँगोवर (पायथनचं वेब फ्रेमवर्क) काम करतो, आता लीड म्हणतोय तूपण रिव्ह्यू करायचे. सीनियरचा सहाशे-सातशे ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यायचे बदल) येतो, मी वरून खाली वाचत जातो, कुठे स्पेस जास्त कुठे व्हेरिएबलचं नाव विचित्र अशा दोन-चार कमेंट टाकतो आणि अप्रूव्ह करून मोकळा होतो. खरा बग काही दिसत नाही. आत्ता वॉलेटमधून पैसे वजा करायचा पीआर समोर पडलाय, टेस्ट सगळ्या हिरव्या. काय बघू? आणि सीनियरला चुकलंय असं सांगायचं कसं तेपण सांगा राव.

बग_मास्तर:
स्पेस, नावं वगैरे लिंटरवर (कोडची मांडणी आपोआप तपासणारं टूल) सोड, त्यात माणसाचा वेळ कशाला. सातशे ओळी असतील तर सरळ तुकडे करून माग, चारशेच्या पुढे लक्ष उडतंच. मी काय करतो, आधी तिकीट वाचतो, मग कोड न बघता विचार करतो की हे मला लिहायचं असतं तर कुठे कुठे चेक टाकले असते, आणि मग डिफ (बदललेल्या ओळी) उघडतो. लिहायचं राहून गेलेलं डिफमध्ये दिसत नाही ना. हार्टब्लीड नावाचा बग बघ, समोरचा सांगतोय ती लांबी खरी आहे का हे तपासणारी ओळच ओपनएसएसएलमध्ये (वेबसाइटचं एन्क्रिप्शन सांभाळणारी लायब्ररी) नव्हती. चार बाइट पाठवायचे, सांगायचं ६४ केबी, आणि सर्व्हर शेजारची मेमरी उचलून देणार. रिव्ह्यू होऊन आत आलेला कोड होता तो! मार्च २०१२ मध्ये रिलीज झाला आणि बोंबाबोंब झाली एप्रिल २०१४ ला.

कमी_साखर:
मास्तर, पण ॲपलच्या २०१४ च्या गोटू फेल बगमध्ये (सुरक्षित कनेक्शनची सही तपासणारा कोड) चूक डोळ्यासमोरच होती की. 'गोटू फेल' (म्हणजे थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ दोनदा, इफला कंस नाहीत, त्यामुळे दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि सही तपासायच्या आधीच फंक्शन सगळं ओके म्हणून बाहेर. असलं काही डोळे फोडून शोधत बसू नये, कधीच न चालणाऱ्या कोडची वॉर्निंग कंपायलर देतो. क्लँग कंपायलरमध्ये ती 'वॉल' (-Wall, नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) लावून येत नाही, वेगळी चालू करावी लागते.

रांगडा_बॅकएंड:
इतिहास झाला असेल तर वॉलेटकडे या 😀
बॅलन्स वाचला, इफ लावला, वजा करून सेव्ह केला, असं आहे का बघ. बॅलन्स ५००, चारशेच्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, दोघींना ५०० च दिसतात, दोन्ही पास, खात्यात १०० शिल्लक आणि बाहेर गेले ८००. टेस्ट हिरव्याच राहणार, तिथे एका वेळी एकच रिक्वेस्ट असते. ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही असा डेटाबेसच्या कामांचा गट) आत सिलेक्ट फॉर अपडेट पाहिजे, म्हणजे वाचतानाच ती नोंद लॉक होते आणि दुसरीला थांबावं लागतं. मग रक्कम मायनस शंभर टाकून बघ, पैसे कमी व्हायच्या ऐवजी वाढले तर कल्याणच! रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर डेसिमल कर म्हणावं, ०.१ अधिक ०.२ पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ होतात. टाइमआउट होऊन तीच रिक्वेस्ट परत आली तर दोनदा कापतंय का तेपण बघ.
आणि चुकलंय म्हणूच नको, "दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर इथे काय होईल?" एवढंच विचार. त्यालाच घाम फुटेल.

नवा_गडी:
भारी! उघडून बघितलं, सिलेक्ट फॉर अपडेट आहे, पण बॅलन्सचा इफ त्याच्या वर आहे, आधी वाचलेल्या ऑब्जेक्टवर. म्हणजे गंडलंय ना?

रांगडा_बॅकएंड:
पूर्ण गंडलंय. चेक जुन्या आकड्यावर होतोय, मग लॉक लावून काय उपयोग. इफ लॉकच्या खाली घ्यायला सांग आणि दोन थ्रेडची (एकदम दोन रिक्वेस्टची) टेस्ट माग. ती जँगोच्या ट्रान्झॅक्शन टेस्टकेसमध्ये लिहायची, साध्या टेस्टकेसमध्ये सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेलं असतं, दुसऱ्या थ्रेडला तो डेटा दिसतच नाही. आणि लोकलला (तुझ्या मशीनवर) डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर तिथे सिलेक्ट फॉर अपडेटचा काही परिणामच होत नाही, पोस्टग्रेसवर चालव.